वैलावरचा कोंबडा

पनवेल,
माघ महिना, २०२६

प्रिय बाळा,



परवा फोनवर तू सांगितलंस, "आत्या, कोंबडा काही जमला नाही, शेवटी टाकून दिला," आणि लगेच ऑफिसच्या गोष्टी काढल्यास. मी तेव्हा गप्प राहिले. पण दोन रात्री तो कोंबडा माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. तांबूस पाठीचा, हिरवट-काळ्या शेपटीचा, पिवळ्या पायांचा. गणपतीत मी तुझ्या नेऱ्याच्या वाडीवर आले होते तेव्हा मानेवरची पिसं फुलवून माझ्या अंगावर धावला होता. तो कापला याचं मला वाईट वाटत नाही. तो कुणाच्या पोटात गेला नाही, याचं वाटतं. म्हणून हे पत्र. लांबेल, पण नीट वाच.

आधी एक सांगते. दोष कोंबड्याचा नव्हता आणि तुझ्या हाताचाही नव्हता. तू त्याला पोपटीत घातलंस, तिथे गणित चुकलं. पोपटी हे आपल्या रायगडातलं थंडीचं सुख खरं, पण तिचा हिशेब वेगळा असतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा पाला. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आणि पाला जी वाफ सोडतील तिच्यावरच जे व्हायचं ते होतं. कोवळी तलंग त्यात छान शिजते. पण तुझा कोंबडा अकरा महिन्यांचा. दिवसभर रान उकरलेला, पळालेला, दुसऱ्यांशी झुंजलेला. पाऊण तासात तो शिजण्याच्या सगळ्यात वाईट टप्प्यावर आला होता, आणि तुम्ही नेमका तेव्हाच मडक्यातून काढलात.

हा वाईट टप्पा काय, ते समजून घे. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा एवढं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. मांसाचे तंतू एका चिवट धाग्याने बांधलेले असतात, त्याला कोलॅजन म्हणतात. जनावर जितकं वयाने मोठं आणि जितकं जास्त हिंडलेलं, तितक्या या धाग्यांच्या एकमेकांत गाठी जास्त. आच लागली की आधी मांसाचे तंतू आखडतात आणि आपल्यातलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कोलॅजन मात्र घाई करत नाही. साधारण सत्तर अंशांच्या वर, ओल्या उष्णतेत, तासन्‌तास राहिल्यावर ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. म्हणजे मधला एक काळ असा असतो की तंतू आखडून कडक झालेत आणि त्यांना बांधणारे धागे अजून सुटलेले नाहीत. त्या वेळी तुकडा दाताखाली घेतला की वाटतं, हा जितका शिजवावा तितका कडक होतोय. बहुतेक लोक तिथेच कंटाळून शेगडी बंद करतात. आणखी दीड तास थांबले असते, तर तेच मांस हाडावरून बोटाने सुटलं असतं.

माझ्या आईला, तुझ्या आजीला, यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. ती एवढंच म्हणायची, "बाय, कोंबऱ्याला घाई करू नको."

तुला आपलं जुनं घर धड आठवत नसेल. विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांतल्याच एका गावातलं ते घर. मागच्या पडवीला चूल होती आणि चुलीला लागून वैल. तू वैल कधी वापरलेला नाहीस म्हणून सांगते. चुलीच्या मुख्य तोंडाखाली लाकूड जळतं, आणि तिथली धग एका आतल्या भोकातून शेजारच्या दुसऱ्या तोंडाकडे जाते. तिथे ज्वाळा पोचत नाही, नुसती ऊब पोचते. तोच वैल. भाकऱ्या चुलीवर, कोंबडा वैलावर. सकाळी नऊच्या सुमारास टोप वैलावर चढला की दुपारी एकपर्यंत त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. मधे दोनदा वर झाकलेल्या ताटातलं गरम पाणी आत ओतायचं, एवढंच काम.

त्या तीन-चार तासांत आई बसलेली असायची, हे मला फार लख्ख आठवतं. एरवी तिला बसलेली पाहिल्याचं मला आठवत नाही. माशांचं कालवण म्हणजे सारखी उठबस, भाकऱ्या म्हणजे उभं राहून हात चालवणं. पण कोंबडा वैलावर असला की ती पाट घेऊन शेजारी बसायची, मांडीवर सूप, सुपात निवडायचे तांदूळ, आणि काकी समोर. दोघी बोलायच्या. मी जे काही घराण्याचं, गावाचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या भांडणाचं ऐकलं, ते वैलावर टोप असतानाच ऐकलं. आज मी कोंबडा शिजवते तेव्हा गॅस बारीक करून खुर्ची ओढते आणि स्वयंपाकघरातच बसते. तूही बस. फोन बाजूला ठेव आणि वाडीवर जो कुणी आला असेल त्याच्याशी बोल.

शेतातल्या राखणीचा कोंबडाही मला आठवतो. लावणी झाली की बांधावर देवाला कोंबडा दिला जायचा आणि पुरुष मंडळी तिथेच तो शिजवून खायची. बाबा सांगायचे, राखणीचा कोंबडा घरचाच हवा, विकतचा चालायचा नाही. ज्याला आपण दाणा घातला तोच द्यायचा. आपल्या गावाच्या आसपास तर एका गावाचं नावच कोंबडभुजे. उलवे, तरघर, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, गणेशपुरी, वाघिवली अशा गावांबरोबर तेही उठलं. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचं पात्र वळवलं गेलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आता आपल्या जुन्या घराच्या जागेवरून आवाज येतो तो इंजिनाचा. पुनर्वसनाच्या इमारतींत खुराडं ठेवायला जागा नाही आणि ठेवलं तर वरच्या मजल्यावरचे रागावतात. या सगळ्यात तू नेऱ्याच्या वाडीवर दहा कोंबड्या पाळायला घेतल्यास, तेव्हा मला किती बरं वाटलं ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहून दाखवते. फार बरं वाटलं.

म्हणूनच तो टाकून दिलेला कोंबडा मला सोसत नाही.

कोंबड्या पाळायच्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंडी येतात. पण खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवलीस, एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली, तर त्यांतले साधारण चार-पाच नर निघतात. निसर्ग अर्धे-अर्धे देतो. आणि दहा कोंबड्यांना नर एक पुरतो. बाकीचे पाच-सहा महिन्यांचे होऊन बांग द्यायला लागले की झुंजी सुरू. कोंबड्यांच्या पाठीची पिसं झडतात, दुबळा कोंबडा दाण्यापर्यंत पोचत नाही. हे टळत नाही. मोठ्या हॅचरींमध्ये अंड्यांच्या जातीची नर पिल्लं जन्मल्याच्या दिवशीच मारून टाकतात, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी लवकर भरत नाहीत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. म्हणजे अंडं खाणाऱ्या प्रत्येकाच्या हिशेबात एक नर असतोच, फक्त तो दिसत नाही. तुझ्या वाडीवर तो दिसतो. तू त्याला अकरा महिने मोकळं जगू दिलंस, ही चांगली गोष्ट केलीस. पण मग त्याचं मांस नीट शिजवून माणसांच्या ताटात पोचवणं हेही तुझंच काम आहे. ते अर्धवट सोडायचं असेल तर पिल्लं काढू नकोस.

तुझा मित्र म्हणाला ना, "यापेक्षा ब्रॉयलर बरा." त्याला वाईट बोलू नकोस. त्याच्या जिभेला तेच ठाऊक आहे. बी. व्ही. रावांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे महाराष्ट्रात कोंबडी रोजच्या परवडीची झाली. त्याआधी आपल्यासारख्या घरात कोंबडी सणाला, पाहुण्याला नाहीतर बाळंतिणीला. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. त्याच्या मांसाला गाठी पडायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून तो वीस मिनिटांत शिजतो, आणि म्हणूनच त्याला स्वतःची चव फारशी नसते. मसाला सगळं काम करतो. घरचा कोंबडा वर्षभरात जेमतेम पावणेदोन किलो भरतो, साफ केल्यावर किलो-सव्वा किलो. पण त्या वर्षभरात त्याने किडे, गवत, भाताची कणी, सांडलेले दाणे, सगळं खाल्लेलं असतं, आणि पाय दिवसभर चाललेले असतात. चव तिथून येते, चिवटपणाही तिथूनच येतो. दोन्ही एकत्रच मिळतात. एक हवं असेल तर दुसऱ्याला तीन तास द्यावे लागतात.

हे फक्त आपल्यालाच कळलं असं नाही. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी म्हातारा कोंबडा वाइनमध्ये तासन्‌तास शिजवायची रीत काढली, आज तिला मोठ्या हॉटेलांत मान आहे. स्कॉटलंडमध्ये कोंबडा आणि लीक नावाच्या कांद्याच्या भावंडाचं सूप करतात, त्यात आलुबुखारही घालतात. जिथे जिथे अंगणात कोंबड्या होत्या, तिथे तिथे जादा नरांचा हाच प्रश्न होता आणि उत्तरही हेच निघालं. पाणी, मंद आच, वेळ.

आता करायचं कसं ते सांगते. वहीत उतरवून घे.

कोणता कोंबडा ठेवायचा, हे आधी ठरव. दाणा दिसल्यावर जो स्वतः न खाता कुर्र-कुर्र करून कोंबड्यांना बोलावतो, घार दिसली की ओरडून सगळ्यांना झुडपात पाठवतो आणि माणसाच्या अंगावर येत नाही, तो ठेवायचा. त्याची पिल्लंही बहुधा तशीच निघतात. जो सगळ्यांना मारत सुटतो तो आधी पातेल्यात. आणि वर्ष-दीड वर्षापलीकडे थांबू नकोस. दोन वर्षांचा कोंबडाही शिजतो, पण मग चार तास धर.

कोंबडा अचानक धरून, पळवून, दमवून कापू नये. घाबरलेल्या, धडपडलेल्या कोंबड्याचं मांस कडक होतं. रात्री खुराड्यात शांत बसलेला असताना अलगद उचलून डालग्याखाली वेगळा ठेवावा. सकाळी कापला की साठ-पासष्ट अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून पिसं काढायची. पाणी उकळतं नको, कातडी फाटते. मग पेंढ्याच्या जाळावर भुजून घ्यायचा, म्हणजे बारीक लव जळते आणि कातडीला धुराचा वास लागतो. पनवेलच्या दुकानात आता बहुतेक ठिकाणी कोंबडी सोलूनच देतात. घरच्या कोंबड्याला तसं करू नकोस. त्याच्या अंगात चरबी मुळातच कमी, जी आहे ती कातडीखाली. कातडी टाकलीस तर रस्सा पाण्यासारखा होईल. पायही टाकायचे नाहीत. गरम पाण्यात बुडवून वरची पिवळी साल आणि नखं काढली की तेच पाय रश्शाला दाटपणा देतात.

त्या पिवळ्या पायांची एक गोष्ट आहे. माणसाळलेली कोंबडी मुख्यतः आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून आली. पण पिवळ्या पायांचा, पिवळ्या कातडीचा गुण तिला राखी रानकोंबड्याकडून मिळाला, असं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं. हा राखी रानकोंबडा आपल्याच सह्याद्रीतला, दख्खनच्या पठारावरच्या जंगलांतला. जगभरातल्या अंगणांतले पिवळे पाय त्याची आठवण आहेत. तुझ्या कोंबड्याचे पाय पाहिले तेव्हा मला हेच आठवलं होतं.

कापल्याबरोबर शिजवू नकोस. थोड्या वेळाने मांस ताठरतं आणि काही तासांनी सैल पडतं. आपल्या लहानपणी फ्रीज नव्हता, पाहुणा दारात आला की कोंबडा धरायचा, त्यामुळे टोपात गेलेला कोंबडा ताठरलेलाच असायचा आणि वैलाला जास्त वेळ द्यावा लागायचा. तू आदल्या दिवशी साफ कर, मीठ-हळद चोळ आणि रात्रभर फ्रीजमध्ये झाकून ठेव. मीठ आधी लागलं की आतपर्यंत जातं आणि मांस पाणी धरून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण चोळून तासभर ठेव. दही घातलंस तरी चालेल. कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतात, पण तो अगदी बेताने, चमचाभर. पपईतला पाचक रस वरचं मांस पिठासारखं करतो आणि आतला चिवटपणा तसाच राहतो. मला तो फारसा आवडत नाही.

जाड बुडाच्या टोपात तेल, दोन तमालपत्रं, बारीक चिरलेला कांदा लाल होऊ दे, मग तुकडे घालून दहा मिनिटं परतायचे. तुकडे मोठे ठेव, एका कोंबड्याचे बारा-चौदा. मग तुकडे बुडतील इतकं कढत पाणी. एकदा उकळी आली की आच इतकी कमी कर की पृष्ठभागावर एखादा बुडबुडा सावकाश वर येऊन फुटेल. लोकांना वाटतं खळखळ उकळलं की लवकर शिजतं. उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, तू जाळ कितीही मोठा कर. खळखळीने पाणी आटतं, तुकडे आपटून फाटतात, एवढंच होतं.

झाकण म्हणून खोलगट ताट ठेव आणि ताटात पाणी. ही आपल्या बायकांची युक्ती मला कुठल्याही नव्या भांड्यापेक्षा मोठी वाटते. वर गेलेली वाफ ताटाच्या थंड बुडाला लागून परत टोपात पडते, आणि ताटातलं पाणी हळूहळू तापतं. आतलं पाणी कमी झालं की तेच गरम पाणी आत. थंड पाणी कधी घालू नये, शिजणं थांबतं.

दीड तास झाला की छातीचे तुकडे बाहेर काढून ठेव. छातीला कोलॅजन कमी, ती पायांच्या आधी होते, नंतर दोऱ्यांसारखी कोरडी पडते. पाय, मांड्या, पाठ, मान हे सगळं आत राहू दे. कलेजी-पेट्यातला पेटा सुरुवातीपासून, कलेजी शेवटी. याच वेळी वाटीभर रस्सा काढून घे. मसाला न पडलेला, नुसता हळद-मिठाचा. घरात लहान मूल, आजारी माणूस नाहीतर बाळंतीण असेल तर तो त्यांचा. तू लहानपणी तो मागून मागून प्यायचास.

मसाला आता. कांदा आणि सुकं खोबरं आचेवर काळपट होईपर्यंत भाजून वाटलेलं वाटण, आणि आपला घरचा आगरी मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून मी जो कांडून आणते त्यातला डबा तुझ्याकडे आहेच. वाटण सुरुवातीलाच घातलं तर खोबरं तळाशी बसून जळतं, म्हणून ते दोन तासांनंतर. आणि मसाला हात राखून. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला विकतच्या कोंबडीला लागतो. घरच्या कोंबड्याला त्याच्या निम्म्यात भागतं, नाहीतर तीन तासांनी मिळवलेली त्याची चव तू स्वतःच झाकून टाकशील. वाटण घातल्यावर आणखी अर्धा-पाऊण तास. शेवटी छाती परत आत, दोन आमसुलं, कोथिंबीर.

झाला की नाही ते घड्याळावर ठरवायचं नाही. तंगडीचा तुकडा काढ, हाडाच्या टोकाला धरून हलकेच फिरव. हाड मोकळं फिरलं तर झाला. नाही फिरलं तर ताट परत ठेव आणि बस.

कुकरबद्दल तू विचारशीलच. बेलापूरहून साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाला वैल सांगण्यात अर्थ नाही, हे मलाही कळतं. कुकरमध्ये तापमान एकशे वीस अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे धागे लवकर सुटतात. पण तंतूही जास्त पिळले जातात आणि छाती चोथा होते. करायचाच असेल तर एक शिटी, मग अगदी बारीक आचेवर पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपली आपण जाऊ दे. शिटी उचलून वाफ सोडलीस तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि मांस कोरडं पडतं. पोटभरीचं होईल. पण रविवारी तरी टोप चढव. दुसऱ्या दिवशी उरलेला रस्सा फ्रीजमधून काढशील तेव्हा तो थिजून थरथरत असेल. त्या थरथरण्यावरून कळतं की कोंबड्याने सगळं सोडलं.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगते. आपोआप मेलेली, सुस्तावलेली, मान टाकलेली कोंबडी कधीही शिजवायची नाही, कुणाला द्यायचीही नाही. आपल्या खुराड्यात एका वर्षी मानमोडीचा रोग आला आणि चार दिवसांत होतं नव्हतं ते गेलं. बाबांनी सगळ्या खोल खड्ड्यात पुरल्या, वर चुना टाकला. गेल्या वर्षी जानेवारीत उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लोकांना घरच्या कोंबड्या मारायला द्याव्या लागल्या. चिरनेर नेऱ्यापासून लांब नाही. दोन-तीन कोंबड्या एकदम दगावल्या तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव, लपवू नकोस. मानमोडीची लस पिल्लांना आठवड्याच्या आत दे, पुढची आठव्या आठवड्याच्या सुमारास. पिसं काढताना नाका-तोंडाला रुमाल बांध. नीट शिजलेल्या मांसाने काही होत नाही, काळजी कच्चं हाताळताना घ्यायची.

आणि शेजारच्या फार्महाऊसवाल्यांची तक्रार. पहाटे चारला कोंबडे ओरडतात म्हणून त्यांनी तुला खुराडं झाकून अंधार करायला सांगितलं. तू झाकलंस, तरी ओरडलेच. जपानमधल्या नागोया विद्यापीठात असंच काहीसं करून पाहिलं होतं. कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, दिवस-रात्र कळू नये म्हणून. तरी ते पहाटेच्या वेळेलाच बांग देत राहिले, कारण वेळ त्यांच्या आतल्या घड्याळात असते. २०१३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. आपल्याकडे म्हण आहेच की कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. कोंबडंही ओरडायचं राहत नाही, एवढं त्यात जपान्यांनी घातलं. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक दाखवलं. कळपातला सगळ्यात वरचढ कोंबडा आधी बांग देतो, मग बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे. तो नसला की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. म्हणजे तुझ्या वाडीवर त्या पोपटीच्या दुसऱ्याच पहाटे पहिली बांग कुणीतरी वेगळ्याने दिली असणार. तुला ऐकू आली का? शेजाऱ्यांना अंडी नेऊन दे, आणि रश्शाचा डबाही. नर कमी झाले की आवाजही कमी होईल, हे त्यांना समजावून सांग.

अजून तीन नर आहेत तुझ्याकडे, असं म्हणालास. त्यांतला तो कबऱ्या ठेव. मी पाहिलंय त्याला, पिल्लांना जवळ करतो. बाकीचे दोन पोपटीत नको, विकायला नको, कुणाला देऊन टाकायला नको.

मी येत्या रविवारी येते. मसाला आणि तांदळाचं पीठ घेऊन येईन, भाकऱ्या तिथेच करू. तुझ्या बाबांनाही सांगितलंय. त्यांनी वैलावरचा कोंबडा खाऊन बरीच वर्षं झाली. तू वाडीच्या मागे तीन दगडांची चूल मांडलीस, त्याला मी शेजारी मातीचा वैल लिंपून देईन. तो वाळायला चार दिवस लागतील, तोवर निखाऱ्यांवर भागवू. मोठा कोंबडा शनिवारी सकाळी साफ करून ठेव. शुक्रवारी संध्याकाळी त्याला दाणे घालू नकोस, पाणी मात्र भरपूर ठेव.

तुझी,
आत्या